आठ कळ्यांचा मोदक

माझं माहेर रोहा आणि सासर पेण. म्हणजे लहानपण भाताच्या खाचरांत गेलं आणि संसार गणपतींच्या गराड्यात. पेणमध्ये भाद्रपद एका महिन्यात मावत नाही. विसर्जनाचे ढोल थांबतात न थांबतात तोच हमरापूर-जोहे भागातल्या कारखान्यांत पुढच्या वर्षीचे गणपती साच्यातून निघू लागतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असाच एक कारखाना आहे. उन्हाळ्यात भाजी आणायला निघालं की दोन्ही बाजूंना रंग न लागलेले पांढरे गणपती ओळीने वाळत असतात आणि प्रत्येकाच्या एका हातात मोदक असतो. तोही पांढराच. त्यामुळे मोदक म्हणजे पांढरा, तांदळाचा, उकडीचा, ही समजूत पेणमध्ये डोळ्यांतूनच आत शिरते.

दोन वर्षांपूर्वी गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी नणंदेचा मुलगा ओसाकाहून आला. बॅगेतून त्याने एक छोटा खोका काढला आणि म्हणाला, "मामी, हा तिथल्या गणपतीचा नैवेद्य." आत बदामी रंगाची, मूठभर आकाराची, पानाच्या बटव्यासारखी दिसणारी वस्तू होती. पोट फुगीर, गळा आवळलेला, वर चुण्यांचा तुरा. सासूबाईंनी चष्मा लावून ती उलटीपालटी करून पाहिली आणि निकाल दिला, "कणकेचा आहे. तळलेला. देशावरचा असणार."

देशावरचाच, पण फार लांबच्या देशावरचा. त्याचं नाव 'सेइज्यो कांकिदान'. क्योतोमध्ये गिओन भागात 'कामेया कियोनागा' नावाचं मिठाईचं दुकान आहे, १६१७ सालचं, आणि हा पदार्थ ही त्याची ओळख. गव्हाचं आणि तांदळाचं पीठ एकत्र मळून पारी करायची, आत लाल अझुकीचं पुरण भरायचं, तोंड आठ कळ्यांनी आवळायचं आणि तिळाच्या तेलात मंद आचेवर सुमारे वीस मिनिटं तळायचं. अझुकी म्हणजे आपल्या चवळी-मुगाच्या कुळातली एक कडधान्यशेंग. पुरणात दालचिनी, लवंग, चंदन अशी सात सुगंधी द्रव्यं मिसळलेली असतात. आठ कळ्या कशासाठी, तर त्या अष्टदल कमळाच्या पाकळ्या. हे ऐकून सासूबाईंच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. चौरंगाखाली त्या स्वतः अष्टदलाचीच रांगोळी काढत होत्या.

खरी गंमत नावात आहे. 'कांकि' म्हणजे आनंद, हर्ष. 'दान' म्हणजे गोळा. 'सेइज्यो' म्हणजे शुद्ध, पवित्र. आता आपला शब्द पाहा: मुद् म्हणजे आनंदणे, त्यावरून मोद, आणि आनंद देतो तो मोदक. चीन-जपानकडच्या भिक्षूंनी या शब्दाचा उच्चार उचलला नाही, सरळ अर्थाचं भाषांतर केलं. आपण मात्र 'मोदक' म्हणताना त्यात आनंद आहे हे कधीच विसरून गेलो आहोत. मी तरी विसरले होते.

ज्या देवापुढे हा ठेवतात त्याचंही तसंच. 'कांगितेन' म्हणजे आनंदाचा देव. त्याची दुसरी नावं मात्र अर्थात न अडकता उच्चारासकट गेली आहेत: 'बिनायाका' आणि 'गानाबाची'. पहिल्यात विनायक ओळखू येतो, दुसऱ्यात थोडा कान द्यावा लागतो, मग गणपती सापडतो. त्याचं बीजाक्षरही तिथे पोचलं आहे. आपण अथर्वशीर्षात 'गं' म्हणतो, तिथे 'गः' आहे. सिद्धम् नावाच्या जुन्या भारतीय लिपीत लिहितात आणि उच्चार करतात 'ग्याकु'. मंत्राच्या शेवटी 'सोवाका' येतं, ते आपलं 'स्वाहा'.

हे सगळं गेलं कसं? बौद्ध धर्माच्या तांत्रिक शाखेबरोबर. नालंदेत शिकलेला शुभाकरसिंह ७१६ साली चीनच्या चांगआन या राजधानीत पोचला. त्याच्या मागोमाग अमोघवज्राने (७०५-७७४) संस्कृत ग्रंथांचे ढीग चिनीत उतरवले. अमोघवज्राचा शिष्य हुइग्वो आणि हुइग्वोचा जपानी शिष्य कूकाई. हा कूकाई ८०४ साली समुद्र ओलांडून चीनला गेला आणि ८०६ साली मंत्र, मंडलं, मूर्ती, पोथ्या असा सगळा संसार घेऊन परतला. ८०४ सालीच चीनला निघालेला दुसरा भिक्षू साइच्यो, त्याचं ठाणं क्योतोजवळच्या हिएइ डोंगरावर. कामेया कियोनागाच्या घराण्याला कांकिदानाची कृती मिळाली ती याच हिएइ डोंगरावरच्या एका 'अजारी'कडून, असं ते सांगतात. अजारी म्हणजे आचार्य. तळणीचा पदार्थ शिकवायला आचार्यच लागावेत, हे आमच्याकडच्या लग्नकार्यातल्या आचाऱ्यांना कळवायला हवं. त्यांचाही शब्द त्याच घरातला.

चीनमधून त्या काळात जपानला जे तळलेले, वळलेले, गाठी मारलेले पिठाचे पदार्थ गेले त्यांना जपानी लोक 'तांगांची फळं' म्हणत, तांग म्हणजे तेव्हाचं चिनी राजघराणं. कारण त्याआधी गोड म्हणजे फळ, एवढंच त्यांना ठाऊक. साखर जवळपास नव्हतीच. म्हणून जुन्या कांकिदानात अझुकीचं गोड पुरण नसे. चेस्टनट, सुकवलेलं पर्सिमॉन, जर्दाळू असा सुका मेवा असे. साखर घातलेलं कडधान्याचं पुरण पुढे कित्येक शतकांनी, एदो काळात आलं. म्हणजे आतला ऐवज बदलला, वरची पारी, कळ्या, तेल आणि सुगंध मात्र तसेच राहिले. पोळीत हरभऱ्याच्या डाळीच्या जागी मूग भरले तरी ती पुरणपोळीच राहते, तसं.

आता पेणच्या माणसाला चक्रावून टाकणारी गोष्ट. कांगितेनाची मूर्ती सहसा पाहायला मिळत नाही. बहुतेक देवळांत ती बंद देव्हाऱ्यात असते आणि पुजाऱ्याखेरीज कोणी ती पाहत नाही. ज्या थोड्या मूर्ती आणि चित्रं माहीत आहेत त्यांत बहुधा गजमुखी जोडपं एकमेकांना आलिंगन देऊन उभं असतं. नारा शहराजवळच्या इकोमा डोंगरावर होझानजी नावाचं देऊळ आहे, तांकाई नावाच्या भिक्षूने १६७८ साली स्थापलेलं. तिथल्या भाविकांची एवढी रीघ, की डोंगर चढण्यासाठी १९१८ साली दोराने ओढली जाणारी रेल्वे सुरू झाली, जपानमधली तशी पहिलीच. पण इतकं चढून गेल्यावर देव दिसत नाही तो नाहीच. तोक्योच्या असाकुसा भागात मात्सुचियामाच्या टेकडीवर आणखी एक ठाणं आहे. तिथे कांगितेनाला पांढरा मुळा वाहतात, ७ जानेवारीला मुळ्याचा उत्सवच असतो. देवळाच्या दगडांवर आणि कंदिलांवर दोनच खुणा दिसतात: मुळा आणि बटवा. बटवा धनाचा, व्यापारउदिमाचा, असा अर्थ सांगतात. मला मात्र त्या बटव्याचं चित्र पाहिल्यावर मोदकाशिवाय काही दिसेना. पेणमध्ये राहिल्याचा हा दोष असेल.

आमच्याकडे गणपती मातीचा, तो पाण्यात जातो. तिथे गणपती धातूचा, त्याला कोमट तेलाने स्नान घालतात आणि पुन्हा आत बंद करतात. आम्ही दरवर्षी लाखोंनी घडवतो आणि चौकाचौकांत दाखवतो, ते एकच शतकानुशतकं झाकून ठेवतात. नैवेद्य मात्र दोघांपुढे आनंदाच्या गोळ्याचाच.

सासूबाईंचा प्रश्न तरी शिल्लक होताच: गव्हाचा का? मोदक तांदळाचा हवा. मला वाटतं हा प्रश्न पाकशास्त्राचा कमी आणि पिठाच्या स्वभावाचा जास्त आहे, आणि त्याचं उत्तर परातीत सापडतं.

मूठभर कणीक घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि मग पाण्याच्या वाडग्यात चोळून धुवा. पाणी दुधासारखं पांढरं होतं, ते पिष्ट. दोनतीनदा पाणी बदललं की हातात करड्या रंगाचा, ताणला की लांबणारा आणि सोडला की मागे येणारा रबरासारखा गोळा उरतो. हे ग्लुटेन. बोलोन्याच्या याकोपो बेक्कारी या डॉक्टराने १७२८ साली हाच प्रयोग करून दाखवला, तेव्हा झाडापासून मिळणाऱ्या अन्नात मांसासारखा पदार्थ असू शकतो याचं लोकांना मोठं नवल वाटलं. गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी आणि मळण मिळालं की ती एकमेकांत गुंततात आणि जाळं विणतात. आपली पोळी फुगते ती या जाळ्याने वाफ अडवून धरल्यामुळे. क्योतोत तर हा धुऊन उरलेला गोळाच चवीने खातात. त्याला 'फू' म्हणतात.

हाच प्रयोग तांदळाच्या पिठावर करा. सगळं पीठ पाण्याबरोबर वाहून जातं, हातात काही उरत नाही. तांदळाकडे जाळं विणणारी प्रथिनंच नाहीत. म्हणून त्याला उकड लागते. पाण्याला उकळी आणायची, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप, वरून पीठ, आणि झाकण. या उष्णतेत पिष्टाचे कण पाणी पिऊन टम्म फुगतात, काही फुटतात आणि त्यांच्यातून बाहेर आलेला चिकट भाग इतरांना सांधतो. म्हणजे गव्हात जे काम प्रथिनांचं जाळं करतं ते तांदळात खळ करते. उकड गरम असतानाच तूप-पाण्याचा हात लावून मळायची असते ती याचसाठी. निवली की खळ आखडते आणि पारीला चिरा पडतात.

आता कळ्यांकडे या. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही, तीस वर्षं मोदक वळून आलेला हा माझा अदमास आहे. उकड ताणली तर परत येत नाही. चिमटीत धरून जिथे कळी पाडली तिथेच ती उभी राहते. म्हणून अकरा, एकवीस, हात बसलेली बाई असेल तर त्याहून जास्त कळ्या पडतात. कणीक मात्र आडमुठी. कळी पाडली की जाळं तिला मागे खेचतं. दोन कळ्या पाडून तिसरीकडे वळावं तर पहिली सपाट झालेली असते. तिला वठणीवर आणायला गरम तुपाचं मोहन लागतं. तूप पिठाच्या कणांना लपेटून बसतं, पाणी प्रथिनांपर्यंत नीट पोचत नाही आणि जाळं तोकडंच राहतं. मोहन पुरेसं झालं का हे पाहायला पिठाचा मुटका वळतो की नाही ते बघतात. मुटका वळला म्हणजे प्रत्येक कणाला तूप लागलं. दुसरा उपाय म्हणजे त्यात तांदळाचं पीठ मिसळणं, ज्याला जाळं विणता येत नाही असा भिडू मध्ये घुसवणं. कांकिदानाच्या पारीत नेमकं हेच आहे. आणि तरीही कळ्या आठच. अष्टदल कमळाचं कारण खरंच असेल, पण मला वाटतं कमळाने कणकेशी आधी थोडी बोलणी केली असणार.

हे सगळं मी कारखान्यातल्या काकांना सांगितलं. त्यांचं उभं आयुष्य शाडूत गेलं आहे. ते म्हणाले, "मग उकड म्हणजे आमची मातीच की." बरोबर होतं. शाडूचे कण म्हणजे अतिसूक्ष्म चकत्या, त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर. दाबलं की चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि नव्या जागी थांबतात, माघारी येत नाहीत. सोंडेची वळी असो की मोदकाची कळी, दोन्हीला हाच गुण लागतो. पाणी कमी झालं की दोन्हींना चिरा पडतात, आणि दोन्हींवर उपाय एकच: ओलं बोट. शाडू येते गुजरातेतून, पेणची जमीन खाजण आणि भाताची. हात तेवढे पेणचे.

उकडीचा मोदक चुलीवरून उतरला की त्याचं घड्याळ सुरू होतं. सकाळी लुसलुशीत, संध्याकाळी बरा, दुसऱ्या दिवशी दगड. फ्रिजमध्ये ठेवला तर आणखी लवकर, कारण फुगलेलं पिष्ट थंडीत, चार-पाच अंशांच्या आसपास, सगळ्यात झपाट्याने पुन्हा आखडून घट्ट होतं. शिवाय ओला नारळ. हा पदार्थ स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत जाण्यासाठी जन्मला आहे, त्यापुढे नाही. तळलेल्या कणकेचं उलट. तेलात टाकल्यावर जे बुडबुडे येतात ते पारीतलं पाणी वाफ होऊन पळताना. वीस मिनिटांत पाणी जवळजवळ संपतं, आणि पाणी नाही तिथे बुरशीचं काही चालत नाही. आमच्या घरात त्या वर्षी उकडीचे मोदक चतुर्थीच्या रात्रीच संपले; कांकिदान गौरी जेवायला आल्या त्या दिवशीही जसाच्या तसा होता. इतका जसाच्या तसा, की सासऱ्यांनी शेवटी अडकित्ता आणला. फुटल्यावर घरभर चंदनाचा वास पसरला. सासूबाई म्हणाल्या, "खायचा की उगाळायचा?" मग एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि दुसरा उचलला.

हा सुगंध परका वाटतो, पण तो आपल्याकडचाच जुना असावा. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मोदकांचे दोन्ही प्रकार आहेत. तांदळाच्या पिठाचे, आत वेलची-कापूर घातलेलं गोड सारण असलेले, त्यांना तो 'वर्षोपलगोलक' म्हणतो. वर्षोपल म्हणजे गारा. पांढरे, गोल, गारांसारखे. आणि तळलेले मोदक गव्हाचे. म्हणजे कोकण विरुद्ध देश हा आमच्या घरात दर चतुर्थीला होणारा वाद निदान नऊशे वर्षांचा आहे आणि राजाने तो सोडवलेला नाही. खायच्या कापराचा वास आपण सारणातून काढून टाकला, वेलची-जायफळावर थांबलो. क्योतोवाल्यांनी चंदनासकट तो जुना रिवाज अजून धरून ठेवला.

आमच्या जिल्ह्यातही एके काळी बौद्ध भिक्षू होतेच. रोह्याच्या दक्षिणेला तळा गावाकडे कुड्याची लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराची, सव्वीस. तिथल्या दानलेखांत शेठ आहेत, वैद्य आहेत आणि एक माळीही आहे. त्यांच्या भिक्षापात्रात काय पडत होतं हे दगडावर कोरलेलं नाही. पण समोरच्या खाडीच्या काठी जे पिकतं ते भातच.

रोह्याला जाते तेव्हा मला गव्हाची दुसरी वाट दिसते. आमचं घर कुंडलिकेच्या काठापासून हाकेच्या अंतरावर. ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघाली की गल्लीतले सगळे देवळाकडे आणि आई मात्र आधी करंज्यांचा डबा झाकून मग बाहेर. आमच्याकडे सगळीकडे भातच. कापणी झाली की शेतातल्या उरल्या ओलाव्यावर वाल पेरतात, गहू नाही. त्याला हवी तशी कोरडी थंडी या दमट पट्ट्यात पडत नाही. भाकरी तांदळाची, घावन तांदळाचं, पोहे तांदळाचे. गहू बाहेरून यायचा, पाहुण्यासारखा, आणि पाहुण्याला आपण गोडच करतो. म्हणून दिवाळीच्या फराळात शंकरपाळी, चिरोटे, करंज्या, सगळीकडे हा पाहुणा बसलेला. शंकरपाळ्यांचा तर देवाधर्माशी काही संबंधच नाही: फारसीत 'शकर' म्हणजे साखर आणि 'पारा' म्हणजे तुकडा. साखरेच्या तुकड्याला आपण शंकर करून टाकलं, हेही एक भाषांतरच म्हणायचं.

आईच्या साट्याच्या करंज्यांत तांदूळ पुन्हा हळूच यायचा. साटा म्हणजे तूप आणि तांदळाची पिठी पांढरीशुभ्र होईपर्यंत फेसलेली. तीन पोळ्या लाटायच्या, प्रत्येकीवर साटा, एकावर एक ठेवून घट्ट वळकटी. वळकटीला चार वेढे बसले आणि ती आडवी दाबली तर तीन गुणिले चार गुणिले दोन, चोवीस पदर झाले, तेही न मोजता. तेलात पडल्यावर पदरांतल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा मागते. ती पदरांना ढकलते. मध्ये तांदळाचं पीठ आणि तूप असल्याने शेजारचे पदर चिकटत नाहीत. गव्हाने भिंती बांधायच्या, तांदळाने त्या एकमेकींपासून दूर ठेवायच्या. नाराच्या कासुगा देवस्थानात 'बुतो' नावाचा एक प्राचीन नैवेद्य करतात: तांदळाच्या पिठाची अर्धचंद्राकृती घडी, कडेला मुरड, तेलात तळलेली. भाच्याने त्याचा फोटो पाठवला तेव्हा आईने फोन लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "करंजी. मुरड जरा जाड पडली आहे." मी तिला ती कुठली हे सांगितलं. तरी मुरडीबद्दलचं तिचं मत बदललं नाही.

कुंडलिका रोह्याहून खाली उतरते आणि रेवदंड्याला समुद्राला मिळते. उत्तरेला चौल-रेवदंडा, दक्षिणेला कोर्लईचा डोंगर. १५२१ साली पोर्तुगीजांनी अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने इथे किल्ला बांधायला घेतला आणि १७४० पर्यंत ते इथे होते. कोर्लई गावातले ख्रिस्ती लोक अजून पोर्तुगीजातून जन्मलेली आपली वेगळी भाषा बोलतात. तिला ते 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आमची बोली. चौल हे पोर्तुगीजांच्या सागरी जाळ्यातलं एक ठाणं. त्या जाळ्याचं केंद्र गोवा, आणि गोव्याहून मलाक्का, मकाव करत गलबतं नागासाकीला जात. १५४३ साली पहिले पोर्तुगीज जपानच्या किनाऱ्याला लागले, १५७१ मध्ये नागासाकी बंदर त्यांना खुलं झालं, १६३९ मध्ये त्यांना हाकलून दिलं. शंभरएक वर्षांच्या या येण्याजाण्यात त्यांनी मागे काय ठेवलं? बंदुका, धर्म आणि बेकरी. धर्मावर बंदी आली. बेकरीवर बंदी घालायचं कोणाला सुचलं नाही.

आपण 'पाव' म्हणतो तो पोर्तुगीज 'पाँव'. जपानी माणूस त्यालाच 'पान' म्हणतो. पोर्तुगीजात केकला 'बोलो' म्हणतात. गोव्यात त्याचा 'बोल' झाला, लग्नात वाटायचा गव्हाचा, नारळ-गुळाचा गोड पाव. रव्या-नारळाच्या छोट्या बिस्किटांना 'बोलिन्हा' म्हणतात. जपानात तोच शब्द 'बोरो' झाला, कारण तिथल्या जिभेला ल चालत नाही. क्यूशू बेटावरच्या सागा प्रांतात 'मारुबोरो' हा गव्हाच्या पिठाचा, साखरेचा गोल पदार्थ प्रसिद्ध आहे: आमच्या बेकरीतल्या नानकटाईचा रंग, पण चावला की मऊ. मुळात तो टणक होता, अंडी आणि सोडा नंतर आले. सागात 'किताजिमा' नावाचं घराणं १६९६ पासून मिठाईच्या धंद्यात आहे. हा पदार्थ तिथेच का रुजला याचं उत्तर दोन ओळींचं आहे. सागाच्या मैदानात भात निघाल्यावर हिवाळ्यात गहू पेरतात, म्हणजे आमच्या वालाच्या जागी तिथे गहू. आणि नागासाकीला उतरलेली साखर ज्या रस्त्याने देशात जायची तो नागासाकी महामार्ग सागातूनच जातो. आज त्याला 'साखररस्ता' म्हणून राष्ट्रीय वारशाचा मान आहे. गहू दारात, साखर रस्त्यावर. आणखी काय हवं?

पोर्तुगीजांच्या त्याच गलबतांबरोबर 'कोन्फेइतो' हा साखरेचा काटेरी दाणाही गेला. १५६९ साली लुईश फ्रोइश या पाद्र्याने तो काचेच्या बाटलीत घालून ओदा नोबुनागा या जपानी सरदाराला भेट दिला. फ्रोइश जपानला जाण्याआधी बरीच वर्षं गोव्यात होता. त्या दाण्याचा फोटो पाहिला की कोणतीही मराठी बाई सांगेल, हा संक्रांतीचा हलवा. पण तो गव्हाचा नाही, आणि त्याच्या काट्यांत शिरले तर मी बाहेर यायची नाही.

तर जपानकडे गहू गोड होऊन दोनदा गेला. एकदा डोंगर-वाळवंटं ओलांडत भिक्षूंच्या झोळीतून, गणपतीबरोबर. नंतर साडेसातशेएक वर्षांनी शिडाच्या गलबतातून, पाद्र्यांबरोबर. दोन्ही वेळा तो अशा देशात गेला जिथे जेवण या शब्दाचा अर्थच भात. रोजच्या ताटात त्याला जागा मिळाली नाही, नैवेद्याच्या आणि फराळाच्या ताटात मिळाली.

यंदा श्रावणात भाचा पुन्हा आला. मी त्याला कारखान्यात घेऊन गेले. आखणीचे दिवस होते. आखणी म्हणजे डोळे रंगवणं. हे काम सगळ्यांना देत नाहीत, काका स्वतः करतात. भाच्याने खोक्यातला कांकिदान त्यांच्या पाटावर ठेवला. काकांनी तो फिरवून कळ्या मोजल्या. "आठ," म्हणाले, "आणि उजवीकडून पाडल्यात." मग त्यांनी तिथल्या गणपतीचा फोटो मागितला. भाच्याने सांगितलं की फोटो नाही, मूर्ती कोणी पाहत नाही, ती कायम बंद असते, कित्येक पिढ्यांत ती बघितलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

काका ब्रश पाण्यात बुडवत म्हणाले, "ज्याने डोळे काढले त्याने तर बघितली असेल ना रे," आणि पुढच्या गणपतीकडे वळले.